बसक्या स्पोर्ट्स कारसाठी लो-प्रोफाइल जॅक निवडताना

ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या सोसायटीच्या पोडियमवर मी माझी दोन दारांची गाडी पहिल्यांदा स्वतः उचलायला बसलो, तेव्हा हाताशी दोन टनांचा नवा कोरा ट्रॉली जॅक होता. गाडी पंधराशे किलोंच्या आतली, म्हणजे ताकदीचा प्रश्न नव्हता. तरीही जॅक आत सरकेना. दाराखालच्या जॅक पॉइंटची जमिनीपासूनची उंची १२८ मिमी भरली आणि पूर्ण खाली बसवलेल्या जॅकची वरची वाटी १३५ मिमीवर होती. सात मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाएवढे अंतर, पण तेवढ्यासाठी तो जॅक परत करावा लागला. खरेदीला निघताना मी किती टनांचा जॅक घ्यायचा हे ठरवले होते, पण गाडीखाली टेप धरून पाहिले नव्हते. तेव्हापासून कोणी सल्ला विचारला की मी आधी मोजमापे मागतो, कारण बसक्या गाडीच्या बाबतीत जॅकची निवड टनांवर नव्हे, मिलिमीटरवर ठरते.

अनेक स्पोर्ट्स कारबरोबर स्टेपनीही येत नाही आणि जॅकही येत नाही. पंक्चर बुजवण्याचे द्रव्य आणि छोटा पंप, किंवा हवा गेली तरी काही अंतर चालणारे रनफ्लॅट टायर, एवढ्यावर काम भागवलेले असते. त्यामुळे पावसाळा संपल्यावर खड्ड्यांनी रिमला काय केले ते पाहायचे असो, ब्रेक पॅडची जाडी तपासायची असो किंवा चाके काढून आतली माती धुवायची असो, जॅक आपल्यालाच आणावा लागतो.

जॅकचा प्रकार ठरवायला फार वेळ लागत नाही. बॉटल जॅक ताकदवान असला तरी तो उभा असल्यामुळे त्याची मूळ उंचीच बहुधा दीडशे मिमीच्या वर असते, म्हणून तो आपल्या कामाचा नाही. स्क्रूवर चालणारा सिझर जॅक पुष्कळ खाली बसतो, पण त्याचा पाया अरुंद असतो आणि तो रस्त्याच्या कडेला चाक बदलण्यापुरता बनवलेला असतो. घरी तासभर काम करण्यासाठी त्यावर भरवसा ठेवू नये. दोन फ्रेमांचा पोर्टेबल हायड्रॉलिक लिफ्ट उत्तम असतो, मात्र त्याला वीजपुरवठा, सपाट काँक्रीट आणि ठेवायला जागा लागते, आणि सोसायटीतल्या पार्किंगमध्ये या तिन्ही गोष्टी क्वचितच एकत्र मिळतात. राहतो तो चार चाकांचा, लांब दांड्याचा ट्रॉली जॅक, आणि त्यातला लो-प्रोफाइल, म्हणजे जास्त खाली बसणारा, नमुना.

लो-प्रोफाइल या शब्दाला ठरलेला आकडा नाही, हे आधीच लक्षात घ्यावे. ८० मिमीच्या जॅकलाही विक्रेते हाच शब्द लावतात आणि १२० मिमीच्या जॅकलाही. साध्या ट्रॉली जॅकची किमान उंची साधारण १३० ते १४० मिमी असते. बसक्या गाडीसाठी खरोखर उपयोगी पडणारे जॅक ७५ ते ९० मिमीपर्यंत खाली येतात. म्हणून नावाकडे न पाहता किमान उंचीचा आकडा विचारावा, आणि तो आपल्या गाडीच्या आकड्याशी ताडून पाहावा.

गाडीची मापे

मोजमाप ज्या जागी गाडी उचलणार आहात त्याच जागी करावे, कारण शोरूमच्या गुळगुळीत फरशीवरचा आकडा आणि आपल्या पार्किंगमधला आकडा यांत फरक पडतो. टायरमध्ये नेमून दिलेली हवा असावी. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दाखवलेले जॅक पॉइंट आधी शोधावेत आणि मगच टेप काढावी. काही गाड्यांना दाराखाली पत्र्याची वेल्डिंग केलेली उभी कड असते, काहींना रबराचा किंवा प्लास्टिकचा चौकोनी ठोकळा असतो, तर काहींना मजबूत केलेला गोल बिंदू असतो. या जागांपासून चार बोटे इकडेतिकडे जॅक लागला तरी पत्रा आत जातो किंवा प्लास्टिकचे आवरण फुटते. गाडीचा खालचा भाग सपाट दिसतो म्हणून तो भक्कम असेल असे मुळीच नाही. त्यातला बराचसा भाग केवळ वाऱ्याची दिशा वळवण्यासाठी लावलेले आवरण असते.

पहिले माप म्हणजे जॅक पॉइंटची जमिनीपासूनची उंची. चारही बिंदूंची उंची वेगवेगळी मोजावी आणि सर्वांत कमी आकडा धरावा. दुसरे माप बहुतेक जण विसरतात: मॅन्युअलने पुढच्या किंवा मागच्या बाजूला मध्यभागी जॅक लावायला परवानगी दिली असेल, तर बंपरच्या कडेपासून तो बिंदू किती आत आहे आणि त्या वाटेवर सर्वांत खाली आलेला भाग कोणता आहे. बसक्या गाडीत बंपरची ओठासारखी पुढे आलेली कड जॅक पॉइंटपेक्षाही खाली असू शकते. जॅकची वाटी आत गेली तरी तिच्या मागची जॅकची पाठ त्या कडेला अडते आणि बंपर खरवडला जातो.

आता या आकड्यातून वजाबाकी करावी लागते, आणि इथेच बरेच हिशेब चुकतात. वाटीवर उघडे लोखंड ठेवून गाडी उचलू नये. मध्ये रबराचा पॅड हवाच, आणि पत्र्याची कड असेल तर मध्ये खाच असलेला पॅड हवा, म्हणजे भार कडेवर न येता तिच्या दोन्ही बाजूंच्या सपाट भागावर येतो. या पॅडची जाडी सहज २० ते २५ मिमी असते. शिवाय जॅकखाली प्लायवूड टाकायचे असेल, तर त्याचीही जाडी मिळवावी लागते. माझ्या गाडीचेच उदाहरण देतो. ८५ मिमीचा जॅक, त्याखाली १८ मिमीचे प्लाय, वर २० मिमीचा पॅड, असे १२३ मिमी झाले. जॅक पॉइंट १२८ मिमीवर, म्हणजे हाती उरले पाच मिलिमीटर. हाच जॅक शंभर मिमीचा असता, तर कागदावर तो १२८च्या आत बसला असता आणि प्रत्यक्षात गाडीबाहेरच राहिला असता. काही जॅकची लोखंडी वाटी काढून तिच्या जागी रबरी वाटी बसवता येते. तशी सोय असेल, तर दहा-पंधरा मिमी वाचतात आणि तो जॅक थोडा महाग असला तरी घ्यावा.

पंक्चर झालेल्या गाडीचा विचार वेगळा करावा लागतो. २४५/३५ मापाच्या टायरच्या कडेची उंची सुमारे ८६ मिमी असते, कारण ती २४५ मिमी रुंदीच्या ३५ टक्के असते. साध्या टायरमधली हवा पूर्ण गेली की रिम यातली बरीचशी उंची गमावून खाली बसते आणि त्या कोपऱ्यातला जॅक पॉइंटही तिच्याबरोबर खाली येतो. मग ७५ मिमीचा जॅकसुद्धा आत जाईल याची खात्री देता येत नाही. यावर आणखी खाली बसणारा जॅक शोधत राहण्यापेक्षा बारा व्होल्टचा छोटा पंप जवळ ठेवावा, भोक लहान असेल तर आधी टायर तात्पुरता फुगवावा आणि मग जॅक सरकवावा.

कमी उंचीवर आणखी एक साधा उपाय आहे आणि तो मला जॅकवर जास्त पैसे घालण्यापेक्षा अनेकदा शहाणपणाचा वाटतो. १८ मिमी प्लायचे दोन तुकडे एकमेकांवर स्क्रूने घट्ट बसवले की ३६ मिमीची फळी होते. टायरपेक्षा रुंद आणि दोन फूट लांब अशा फळ्या करून, पुढची कड रंध्याने उतरती करून घेतली, की गाडी हलकेच त्यावर चढवता येते. १२८चे १६४ होतात आणि जॅकच्या निवडीला एकदम मोकळीक मिळते. फळ्या चारही चाकांखाली घातल्या तर गाडी समतल राहते. चाक फळीच्या मध्यावर आले आहे ना, हे गाडीतून उतरून पाहावे. कडेवर थांबलेले चाक उचलताना सरकते.

जॅकची पाठ आणि लांबी

बाजूने पाहिल्यावर जॅकचा आकार पाचरीसारखा असतो: वाटीकडे बारीक, मागे पंपाकडे जाड. जाहिरातीत दिलेला किमान उंचीचा आकडा फक्त वाटीचा असतो. तिच्यामागे चाळीस-पन्नास सेंटिमीटरवर, जिथे वाटी उचलणारा जॅकचा हात मुख्य चौकटीला जोडलेला असतो, तिथे तोच जॅक १५० मिमी किंवा त्याहून उंच असू शकतो. बाजूच्या जॅक पॉइंटसाठी ही पाठ गाडीच्या बाहेरच राहते, त्यामुळे अडचण येत नाही. मध्यभागी लावायचा असेल, तर मात्र बंपरखालून किती लांबपर्यंत जॅक बारीक राहतो यावरच सारे अवलंबून असते.

ऑनलाइन खरेदी करताना हे माप बहुधा दिलेले नसते. विक्रेत्याकडून ते मागून घ्यावे, आणि मिळाले की जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर जॅकची बाजूने दिसणारी आकृती खऱ्या मापात काढून कापावी. तो पुठ्ठा गाडीखाली सरकवला की वाटी बिंदूपर्यंत पोहोचेपर्यंत कुठे काय घासते ते लगेच कळते. तीस किलोंची वस्तू परत पाठवण्याच्या त्रासापुढे पुठ्ठा कापायची दहा मिनिटे काहीच नाहीत.

दांड्याचाही विचार करावा. जॅक गाडीखाली खोल गेला की दांडा खाली आणताना बंपरला लागतो, मग छोटे छोटे झोके देऊन पंप करावा लागतो. लांब दांड्याला जोर कमी लागतो, पण समोर मोकळी जागा जास्त लागते. ठाणे-नवी मुंबईतल्या पार्किंगमध्ये समोर भिंत आणि शेजारी दुसऱ्याची गाडी असते, त्यामुळे दोन तुकड्यांत निघणारा आणि रबर किंवा फोमचे आवरण असलेला दांडा सोयीचा पडतो. दुहेरी पंप असलेल्या जॅकची वाटी भार नसताना दोन-तीन झोक्यांतच बिंदूपर्यंत येते. ही सोय चांगली आहे, पण तिच्यासाठी किमान उंचीत तडजोड करू नये.

किती वर जायला हवे

कमाल उंची हा दुसरा महत्त्वाचा आकडा. गाडी उचलायला लागल्यावर चाक लगेच जमीन सोडत नाही. स्प्रिंग मोकळी होत जाते आणि चाक काही सेंटिमीटर खालीच लोंबत राहते. त्यातच गाडी फक्त जॅकवर ठेवून काम करायचे नसून ती स्टँडवर उतरवायची असते. गॅरेजात ज्याला घोडी म्हणतात त्या बाजारातल्या बहुतेक जॅक स्टँडची सर्वांत कमी उंची साधारण २६० ते २९० मिमी असते. म्हणजे स्टँड आत सरकवण्यासाठी जॅक पॉइंट निदान ३०० मिमीपर्यंत वर गेला पाहिजे.

पुढच्या बाजूला मध्यभागी जॅक लावून दोन्ही बाजूंच्या बिंदूंखाली स्टँड ठेवायचे असतील, तर हिशेब आणखी थोडा वाढतो. गाडी मागच्या चाकांवर तरफेसारखी उचलली जाते, त्यामुळे पुढचे टोक जास्त वर जाते आणि दारापाशी असलेला बिंदू त्या मानाने कमी. समजा, दोन्ही चाकांच्या आसांमधले अंतर २४७५ मिमी आहे, जॅक पुढच्या आसाच्या रेषेत लावला आहे आणि बाजूचा पुढचा बिंदू मागच्या आसापासून १९०० मिमीवर आहे. तो बिंदू १३० वरून ३०० वर न्यायचा म्हणजे १७० मिमी वर उचलायचा. तेवढ्यासाठी जॅकखालचा भाग १७० गुणिले २४७५ भागिले १९००, म्हणजे सुमारे २२१ मिमी वर जावा लागतो. जॅक १३० पासून सुरू झाला तर तो ३५० पर्यंत पोहोचायला हवा, आणि प्लायवर ठेवलेला असेल तर प्लाय व पॅडची जाडी यात मदतीला येते. ४५० मिमी किंवा त्याहून अधिक वर जाणारा जॅक या कामाला पुरून उरतो. मात्र काही अतिशय बसके आणि हलके जॅक साडेतीनशेच्या आसपासच थांबतात, आणि खाली उत्तम बसणारा जॅक वर अपुरा पडतो, हे घरी आणल्यावर कळून उपयोग नाही.

मध्यभागी उचलायला परवानगी नसलेल्या गाड्यांमध्ये एक जुनाच पेच उभा राहतो: ज्या बिंदूवर जॅक, त्याच बिंदूवर स्टँड हवा. अशा वेळी मॅन्युअलमध्ये दुसरा मान्य आधार दिला आहे का ते पाहावे, किंवा जॅकवर उचलून त्याच बिंदूत स्टँड अडकवता येईल असा त्या मॉडेलसाठी बनवलेला ॲडॉप्टर घ्यावा. इंजिनच्या खालचा भाग, गिअरबॉक्स, सस्पेन्शनचे हात यांवर कल्पनेने जॅक लावू नये.

टनांचा हिशेब

आता टनांकडे येऊ. बहुतेक स्पोर्ट्स कार तेराशे ते अठराशे किलोंच्या दरम्यान असतात आणि एका वेळी आपण एक टोक किंवा एक बाजू उचलतो, म्हणजे जॅकवर साधारण अर्धा भार येतो. मागे इंजिन असलेल्या पोर्शे ९११सारख्या गाडीत सुमारे साठ टक्के भार मागच्या चाकांवर असतो; गाडी पंधराशे किलोंची धरली तर मागचे टोक नऊशे किलोंचे झाले. म्हणजे दीड टनाचा जॅकही कागदावर पुरतो. तरी मी दोन ते अडीच टनांचा सुचवतो, कारण त्याचा पाया रुंद असतो आणि आतले तेल अडवणारे सील रोज मर्यादेला टेकत नाही. तीन टनांचा घ्यायला हरकत नाही, पण तो लांब आणि जड असतो, आणि पार्किंगच्या दोन खांबांमध्ये तो वळवताना नको होतो. अमेरिकी मापाचा टन ९०७ किलोंचा असतो, म्हणून आयात केलेल्या जॅकवर टनांऐवजी किलोंचा आकडा वाचावा.

लोखंडी की ॲल्युमिनियमचा, हा प्रश्न आपण कुठे राहतो यावर सोडवावा. नेरुळ-बेलापूरच्या रो-हाऊसमध्ये गाडीशेजारीच जॅक ठेवता येत असेल, तर तीस-पस्तीस किलोंचा लोखंडी जॅक टिकाऊ आणि स्वस्त पडतो. बाराव्या मजल्यावरच्या घरातून तो दर वेळी लिफ्टने खाली आणायचा असेल, तर त्याहून पुष्कळ हलका ॲल्युमिनियमचा जॅक कंबरेवर उपकार करतो. वजन कमी म्हणजे ताकद कमी असे समजू नये. पाटीवर लिहिलेली क्षमता सारखी असेल तर काम सारखेच होते. फक्त ॲल्युमिनियमच्या जॅकला आदळआपट सोसत नाही.

जमीन

आपल्या भागात जॅकची निवड करताना जमिनीचा विचार गाडीइतकाच करावा लागतो. जॅकचा हात वर जाताना सरळ रेषेत जात नाही, तो कमानीत फिरतो. अर्ध्या मीटरच्या हाताने २५ सेंटिमीटर वर उचलले, तर वाटी मागेपुढे तीन-चार सेंटिमीटर सरकू पाहते. गाडी सरकू शकत नाही, म्हणून जॅकच्या चाकांनी तेवढे गडगडत जायला हवे. चाके अडली की वाटीच बिंदूवरून घसरू लागते.

खारघरला मेहुण्यांच्या रो-हाऊससमोर आमचे हेच झाले. अंगणात पेव्हर ब्लॉक होते, जॅकची बारीक लोखंडी चाके दोन ब्लॉकमधल्या सांध्यात बसली आणि चार झोक्यांनंतर रबरी पॅड वाटीत तिरका झालेला दिसला. आम्ही लगेच व्हॉल्व्ह सैल करून गाडी खाली घेतली. दाराखालच्या पत्र्यावर एक ओरखडा आला, एवढ्यावर निभावले. पेव्हर ब्लॉक वाळूच्या थरावर बसवलेले असतात आणि पावसाळ्यानंतर खालची वाळू वाहून गेलेली असते. नुसते पाहून ते कळत नाही. म्हणून अशा जमिनीवर चार फूट लांबीचे प्लाय टाकूनच जॅक चालवावा आणि स्टँडखालीही प्लायचे तुकडे ठेवावेत. प्लायऐवजी ६ मिमीची लोखंडी प्लेट टाकली तर उंची वाचते, पण चार फूट बाय दीड फुटाची तशी प्लेट २६ किलोंची होते, ही गोष्ट ती बनवून घेण्याआधी लक्षात घ्यावी. अशा जमिनीसाठी जॅकची चाके जितकी मोठी आणि रुंद तितकी चांगली. अतिशय बसक्या जॅकची चाके लहानच असतात, म्हणून ७५ मिमीचा हट्ट गरज असेल तरच धरावा.

बेसमेंटचे ट्रिमिक्स (पाणी ओढून घट्ट केलेले सलग) काँक्रीट सर्वांत चांगले, फक्त पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी त्याला उतार दिलेला असतो. मोबाइलमधल्या लेव्हलने तो तपासावा आणि गाडी उताराला आडवी लावू नये. पाण्याच्या नाल्यावरची लोखंडी जाळी, स्लॅबचे जोड आणि रॅम्प यांपासून दूर राहावे. यांत्रिक पार्किंगच्या पाळण्यावर गाडी कधीही उचलू नये. तो पाळणा चार चाकांच्या भारासाठी बनवलेला असतो आणि त्याचा पत्रा जॅकच्या एका बिंदूखाली वाकू शकतो. आणि पार्किंगमध्ये हे काम करण्याआधी सोसायटीच्या कमिटीला कल्पना द्यावी, म्हणजे काम अर्ध्यावर असताना थांबवण्याची वेळ येत नाही.

स्टँडशिवाय जॅक घेऊ नये

जॅक उचलण्यासाठी असतो. गाडी धरून ठेवण्याचे काम स्टँडचे. तेलाचे एक सील गेले की जॅक खाली बसतो आणि तो बसण्याआधी सूचना देत नाही. यात मला कोणतीही सवलत मान्य नाही, अगदी पाच मिनिटांच्या कामासाठीही नाही. म्हणून जॅकसाठी जे पैसे बाजूला काढाल, त्यातच दोन स्टँडचे पैसे धरावेत, आणि ते पुरत नसतील तर खरेदी पुढच्या महिन्यावर ढकलावी. स्टँडवरची क्षमता एका स्टँडची आहे की जोडीची, हे नीट वाचावे. दातेरी खिट्टीच्या स्टँडमध्ये खिट्टी पूर्ण अडकली नाही तर स्टँड अचानक खाली येऊ शकतो. २०२० साली अमेरिकेत याच कारणाने अशा स्टँडचा मोठा रिकॉल झाला होता. आरपार जाणारी जाड पिन असलेला स्टँड घ्यावा, किंवा खिट्टीबरोबर पिनही असलेला. बांधकामाच्या साइटवर मिळणारे सिपोरेक्सचे (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक, विटा आणि सुटे पेव्हर हे आधार म्हणून वापरू नयेत. ते वरून भक्कम वाटतात आणि एका बिंदूवर भार आला की फुटतात.

चाकांना लावायचे ठोकळे आधीच करून ठेवावेत. हँडब्रेक बहुधा फक्त मागच्या चाकांवर काम करतो, म्हणून मागचे टोक उचलल्यावर त्याचा उपयोग उरत नाही आणि गाडीला पुढच्या चाकांमागे-पुढे लावलेले ठोकळेच धरून ठेवतात.

दुकानात काय पाहावे

शक्य असेल तर जॅक हाताळून घ्यावा. मशीद बंदर स्टेशनजवळची नागदेवी स्ट्रीट ही अवजारांची जुनी बाजारपेठ आहे. ठाण्याहून मध्य रेल्वेने आणि वाशी-बेलापूरकडून हार्बरने थेट तिथे जाता येते, मात्र परतताना तीस किलोंचे खोके लोकलने आणण्याचा विचार करू नये. टेप बरोबर न्यावी. जॅक पूर्ण खाली बसवून वाटीच्या सर्वांत वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजावे, मग पन्नास सेंटिमीटर मागे जाऊन पाठीची उंची मोजावी. जॅकवरच्या पाटीवर क्षमता, किमान व कमाल उंची आणि निर्मात्याचे नाव असायला हवे. युरोपातले ईएन १४९४ किंवा अमेरिकेतले एएसएमई पेस या मानकांचा उल्लेख असेल तर अधिक चांगले. भार मर्यादेपेक्षा वाढला तर जॅक उचलणेच थांबवणारा व्हॉल्व्ह आहे का, हे विचारावे.

मग वाटी वर न्यावी आणि दोन्ही हातांनी बाजूला हलवून पाहावी. किंचित हालचाल चालते. खडखड चालत नाही. मागची वळणारी चाके मोकळी फिरतात का, पिस्टनभोवती तेलाचा ओलसरपणा आहे का, खोक्याच्या तळाला तेलाचा डाग आहे का, हे पाहावे. सर्वांत जास्त वेळ उतरवण्याच्या व्हॉल्व्हला द्यावा. दांडा डावीकडे अगदी थोडा फिरवल्यावर वाटी संथ उतरली पाहिजे आणि मध्येच थांबवता आली पाहिजे. पाव फेरीत एकदम खाली येणारा जॅक, बाकी सगळे चांगले असले तरी, घेऊ नये. गाडी स्टँडवर हळुवार टेकवताना सारी भिस्त याच नियंत्रणावर असते. दुकानात रिकामा जॅक स्वतःच्या वजनाने नीट उतरत नाही, म्हणून वाटीवर पायाचा थोडा भार देऊन पाहावे.

घरी आणल्यावर

वाहतुकीत जॅक आडवा-उभा झालेला असतो आणि तेलात हवा शिरते. मग झोके पोकळ जातात आणि वाटी हिसके देत चढते. व्हॉल्व्ह उघडा ठेवून दांडा दहा-बारा वेळा पूर्ण वर-खाली करावा, मग व्हॉल्व्ह बंद करून रिकामा जॅक शेवटपर्यंत चढवून पाहावा. तेल कमी वाटले तर हायड्रॉलिक जॅकचेच तेल घालावे. ब्रेक ऑइल चुकूनही घालू नये, त्याने आतले सील फुगून निकामी होतात.

पहिली चाचणी गाडीखाली न जाता करावी. एक कोपरा खाली स्टँड जाईल एवढाच उचलावा, शेजारी स्टँड अगदी थोडे अंतर सोडून ठेवावा, आणि जॅकच्या पिस्टनवर पेन्सिलने खूण करून पंधरा मिनिटे थांबावे. खूण आत सरकली असेल तर सील गळते आहे आणि जॅक त्याच दिवशी परत द्यावा. म्हणूनच बिल आणि खोके आठवडाभर जपून ठेवावे.

खाडीच्या कुशीतल्या आपल्या हवेत उघडा पिस्टन लवकर गंजतो, आणि गंजलेला पिस्टन दर वेळी आत-बाहेर होताना सील खरवडतो. म्हणून जॅक नेहमी पूर्ण खाली बसवून, म्हणजे पिस्टन आत ठेवूनच ठेवावा. मे महिना संपण्याआधी पिस्टन आणि पिना कापडाने पुसून त्यांवर तेलाचा पातळ हात फिरवावा, चाकांच्या आसांना ग्रीस लावावे, आणि जॅक जमिनीवर न ठेवता त्याच प्लायच्या तुकड्यावर ठेवावा.